सोन्याला पडलेले दोन पोचे

माझा थोरला भाऊ फिलेमाँ बर्ने मला कधीच आवडला नाही. हे मी त्याला तोंडावर सांगितलं असतं, पण आम्ही एकोणीस वर्षं एकमेकांशी बोलत नव्हतो. आमच्या ल ल्यू गावात कुणालाही विचारा, तो सांगेल की फिलेमाँ म्हणजे देवमाणूस आणि त्याच्यासारखी ठोक्याची घड्याळं सबंध खोऱ्यात कुणी केली नाहीत. यातली दुसरी गोष्ट खरी आहे. पहिली सांगणाऱ्यानं त्याच्या शेजारी, एका बाकावर, एक हिवाळा काढून दाखवावा. मग बोलू.

बाक एकच होता, हीच तर गोम होती. आमच्या घराच्या दक्षिणेच्या भिंतीत ओळीनं पाच खिडक्या आहेत आणि त्यांच्याखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत बापानं केलेला कामाचा बाक. बाप गेला तेव्हा घर, दोन गायी आणि हा बाक आम्हा दोघांत वाटला गेला. गायींचं भांडण झालं नाही, त्या आमच्या बहिणीनं, झेलीनं, आपल्या म्हणून टाकल्या. लग्न न करता ती आईजवळ राहिली होती, स्वयंपाकही तीच करायची. बाकाचं मात्र फिलेमाँनं ठरवलं. उजव्या तीन खिडक्या त्याच्या, डाव्या दोन माझ्या. मधे त्यानं चाकूनं रेघ ओढली. तीन का, तर तो थोरला, आणि ठोक्यांचं काम त्याच्याकडे.

ठोक्याचं घड्याळ म्हणजे खिशातलं, सोन्याच्या डबीतलं. कडेला एक कळ असते. ती सरकवली की काळोखातही किती वाजले ते घड्याळ वाजून सांगतं. तास जाड आवाजाच्या तारेवर, पाव तास दोन्ही तारांवर जोडीनं, उरलेली मिनिटं बारीक आवाजाच्या तारेवर. आत तीनशेच्या वर तुकडे, आणि त्यांच्याभोवती वळसा घालून बसलेल्या दोन पोलादी तारा, सुईएवढ्या. तार जिथे रोवलेली असते तिथे कानशीचा एक हलकासा हात जास्त पडला की सूर गेला. मग ती तार फेकायची आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. भिंग लावून हे काम होत नाही. ते कानाचं काम आहे.

त्यात नखाएवढा एक तुकडा असतो, त्याला आमच्याकडे 'सगळं नाहीतर काहीच नाही' म्हणतात. कळ पूर्ण सरकली नाही तर तो तुकडा घड्याळाला वाजूच देत नाही. अर्धे ठोके देऊन खोटी वेळ सांगण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, असा हिशेब. बापानं फिलेमाँला हा तुकडा पंधराव्या वर्षी करायला शिकवला, आणि माझं मत असं की तो तेव्हाच त्याच्या डोक्यात जाऊन बसला. त्याला कधी कुणाची चूक थोडीशी वाटली नाही आणि थोडंसं कौतुक करता आलं नाही.

मी झिलईचा कारागीर. म्हणजे तुकड्यांच्या कडा तिरक्या कापायच्या आणि आरशासारख्या चमकवायच्या. वरच्या कुरणात पिवळा जेन्शियन उगवतो. त्याचे दांडे शरदात तोडून वाळवायचे, त्याच्या मऊ गाभ्याला पॉलिश लावायचं आणि पोलादाच्या केसाएवढ्या कडेवरून तो दिवसभर फिरवायचा. माझ्या कडा भिंगाखाली बघाव्यात, कुठे ओरखडा सापडायचा नाही. पण गिऱ्हाईक मागचं झाकण कशाला उघडतंय? ते कळ सरकवतं, ठोके ऐकतं आणि डोळे मिटून 'वा' म्हणतं. ती 'वा' कायम उजव्या तीन खिडक्यांकडे जायची. तबकडीवर नाव घड्याळं विकणाऱ्या जिनिव्हाच्या पेढीचं, आवाज फिलेमाँचा, आणि मी कुठेच नाही.

मला तार लावायला शिकायची होती. आयुष्यात दुसरं काही मला इतकं हवं होतं असं आठवत नाही. बाप गेला त्या वर्षी, चर्चच्या गायकमंडळींची तालीम संपल्यावर मी त्याला विचारलं. "फिलेमाँ, यंदाच्या हिवाळ्यात मला तारेवर बसव."

मंडळी कोट चढवत होती. तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तुला? अरे अमी, तुझा कान लाकडाचा आहे. इथेसुद्धा रांग भरायला उभा करतात तुला. गळ्यातल्या गळ्यात गात जा असं पाद्रीबुवांनी तुला सांगितलेलं नाही का?"

सगळे हसले. पाद्रीबुवाही हसले, कारण ते खरंच तसं म्हणाले होते.

"आजपासून तुझं माझं बोलणं बंद," मी म्हणालो.

"बरं झालं. तेवढीच शांतता," तो म्हणाला.

तेव्हापासून त्याचं काम झालं की तो घड्याळ रेघेवर ठेवायचा. मी उचलायचो. माझं झालं की मी रेघेवर ठेवायचो, मग तो शेवटचं ऐकून डबी बंद करायचा. काही सांगायचं असलं तर मधे झेली. मी ओरडायचो, "झेली, त्याला सांग, तीन नंबरचा स्क्रू ढिला आहे!" तो हातभर अंतरावर बसलेला असायचा. झेली चुलीवरचं सोडून यायची, त्याच्या खांद्याला हात लावायची, त्याच्यासमोर उभी राहून सांगायची आणि जाताना माझ्याकडे बघून म्हणायची, "दोन बैल बरे. ते निदान एका बाजूला ओढतात."

आठव्या वर्षी आई गेली. दफन करून आलो, दुपार होती, तो बाकावर जाऊन बसला. मी त्याच्या पाठीशी उभा राहिलो. मला ते सोपं गेलं नाही. मी म्हणालो, "फिलेमाँ, पुरे झालं आता. आईसाठी तरी." मी वाट बघितली. तो कानस पुसत होता. पुसून झाली, दुसरी घेतली, तीही पुसली. त्यानं मान वळवली नाही. त्या दिवसापर्यंत मी त्याच्यावर रागावलो होतो. त्या दिवसापासून मी त्याचा द्वेष करायला लागलो, आणि तो मनापासून केला.

दोन हिवाळ्यांपूर्वी, डिसेंबरात, दुपारीच अंधारून आलं होतं आणि दिवे लावले होते. अशा वेळी खिडकीची काच आरशासारखी होते. मी काचेत बघत होतो. फिलेमाँनं घड्याळाची कळ सरकवली, झाकण उघडलं आणि डबीची कड तोंडात धरली. पुढच्या दातांत. डोळे मिटून तो तसाच बसला. मला वाटलं, म्हातारा खुळावला, घड्याळाचे मुके घेतोय. मग संशय आला म्हणून मी त्याच्या मागे जाऊन पत्र्याचं ताट जमिनीवर टाकलं. स्वयंपाकघरातून झेली धावत आली, गोठ्यातली गाय हंबरली. फिलेमाँ हललासुद्धा नाही.

तो बहिरा होता. ठार बहिरा. सबंध युरोपात ज्याचे ठोके विकले जात होते तो माणूस डबीची थरथर दातांत धरून ऐकत होता. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! मी बाकावर परत बसलो आणि त्या दिवशी कामाला हात लावला नाही.

पुढे मी लक्ष ठेवलं. आधी तो दातांखाली हरणाच्या कातड्याचा तुकडा धरायचा. मग त्यातून कमी कळत असावं, कारण तुकडा गेला आणि तो उघड्या सोन्यावर चावायला लागला. अठरा कॅरटचं सोनं मऊ असतं. बिजागरीजवळ, झाकणाच्या आतल्या बाजूला, दोन बारीक पोचे पडायचे. त्यानं ऐकून परत ठेवलेली डबी आतबाहेर पुसून पाठवायचं काम माझं. मला ते पोचे घासून काढता आले असते. मी काढले नाहीत.

पुढच्या ऑक्टोबरात जिनिव्हाहून पेढीचे मस्यू शेनव्हार आले. गळ्याला फरची पट्टी, बुटांना चिखल, आणि चिखलाबद्दल आमच्याकडे रागानं बघणं. झेलीनं उकडलेले बटाटे आणि चीज वाढलं, त्यांनी हात लावला नाही. त्यांनी खिशातून आमचंच एक घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, झाकण उघडलं आणि भिंग पुढे सरकवलं.

"बघा. हे पीटर्सबर्गहून परत आलंय. गिऱ्हाईक विचारतंय, तुमच्याकडे कारागीर आहेत की उंदीर?"

फिलेमाँ त्यांच्या ओठांकडे बघत होता. झेली मला म्हणाली, "अमी, तू दूध बघ जरा." मी जागचा हललो नाही.

"उंदीर नाहीत, मस्यू," मी म्हणालो. "माझा भाऊ आहे. त्याला ऐकू येत नाही. तो तुमची घड्याळं चावून ऐकतो."

"काय बोलताय तुम्ही!"

"त्याला पाठमोरा करा आणि वाजवून बघा."

मस्यूंनी बोटानं खूण केली. फिलेमाँ नुसता बघत राहिला. तेव्हा मी उठलो, त्याच्या खांद्याला धरलं आणि त्याचं तोंड भिंतीकडे केलं. एकोणीस वर्षांत मी त्याला पहिल्यांदा हात लावला होता. त्यानं अंग झटकलं नाही. मस्यूंनी त्याच्या मागे जाऊन कळ सरकवली. ठोके पडले, चांगले खणखणीत. ते थांबले. फिलेमाँ भिंतीकडे बघत उभा होता.

बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, "वाजवलंत का?"

झेलीनं एप्रन काढून माझ्या अंगावर फेकला आणि ती गोठ्यात गेली.

फिलेमाँ वळला. मस्यूंच्या चेहऱ्यावर त्याला सगळं वाचता आलं असावं. तो बहिऱ्या माणसाच्या त्या मोठ्या, सपाट आवाजात म्हणाला, "एकदा तरी सूर चुकला का? एक घड्याळ दाखवा."

"नाही चुकला," मस्यू म्हणाले. "पण आमचे ठोके बहिरा माणूस लावतो, हे उद्या गिऱ्हाइकाला कळलं तर? हसतील लोक. पेढीचं नाक कापलं जाईल." मग ते माझ्याकडे वळले. "तुम्हाला येतं का हे काम?"

"येतं," मी म्हणालो. मी एवढंही म्हणालो, "कधीचंच येतं."

फिलेमाँनं ते माझ्या ओठांवर वाचलं. त्यानं आपल्या कानशी टॉवेलात गुंडाळून बाकावर ठेवल्या आणि तो वर आपल्या खोलीत निघून गेला. दुसऱ्या दिवशी मी बाकावरची रेघ तासून काढली. पाचही खिडक्या माझ्या झाल्या.

झेली आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. बोलली तेव्हा भांडी घासता घासता, माझ्याकडे न बघता. "त्या तापाच्या साथीनंतर गेले त्याचे कान. आई जायच्या आदल्या वर्षी."

मी मनात हिशेब केला. "म्हणजे दफनाच्या दिवशी..."

"तू काय बोललास ते मी दारातून ऐकलं होतं. त्यानं नाही ऐकलं."

"मग तू मला सांगितलं का नाहीस?"

"त्यानं मला आईची शपथ घातली होती. अमीला कळलं तर तो मला संपवेल, म्हणायचा. मी म्हणायची, असं काही नाही, तो तुझा भाऊ आहे." तिनं पातेलं आपटलं. "चुकलंच माझं."

मला पश्चात्ताप झाला असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. मला जास्तच राग आला. पाठीमागे माणूस उभा राहिला तर जमिनीची फळी हलते, काचेत सावली पडते. वळून बघायला काय होत होतं? बारा वर्षं मी एका न ऐकलेल्या वाक्यासाठी जळत राहिलो, आणि तो आरामात चावत बसला होता! मी झेलीला तसं म्हणालोही. ती म्हणाली, "तुझ्याशी बोलणं म्हणजे गोठ्याच्या भिंतीशी बोलणं."

फिलेमाँ खाली जेवायला येईनासा झाला. झेली त्याला वर सूप नेऊन द्यायची. अधूनमधून तो गळपट्टा गुंडाळून आगगाडीनं वालोर्ब गावी जायचा. मला वाटलं, काम शोधत असेल किंवा रुसला असेल. जानेवारीत खोऱ्यातलं तळं गोठलं आणि तो पलीकडे ल पाँ गावी बर्फ कापायला गेला. तिथला बर्फ आगगाडीनं पॅरिसला जातो. तिथेच मजुरांच्या खोलीत राहिला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, ज्याच्या बोटांना सुईएवढ्या तारेपेक्षा जड काही ठाऊक नव्हतं, तो करवतीनं बर्फाच्या लाद्या कापत होता. गावानं मला बोल लावला. मी म्हटलं, माझ्या कामाकडे बघा.

काम असं झालं. मी तीन घड्याळांना तारा लावल्या. तिन्ही परत आली. बरोबर मस्यूंची चिठ्ठी, 'स्वयंपाकघरात चमचा पडल्यासारखा आवाज येतो.' मी पुन्हा तारा ओढल्या, पुन्हा घासल्या. चौदा तारा फेकल्या. खरं सांगायचं तर त्या का फेकल्या ते मला माहीत नव्हतं. प्रत्येक तार मला चांगलीच वाटायची. पहिली चांगली, दुसरी चांगली, चौदावी चांगली. रात्रंदिवस मी कान लावून बसायचो, आणि मला हळूहळू भीती वाटायला लागली. झेलीला ऐकवलं तर ती म्हणाली, "मला काय कळतंय? गाईच्या घंटेसारखं वाटतंय."

फेब्रुवारीत शेवटची चिठ्ठी आली. बरोबर एका नव्या, मोठ्या मागणीतलं पहिलं घड्याळ. मस्यूंनी लिहिलं होतं, हे ईस्टरपूर्वी सुरात लागलं नाही तर पुढचं काम ब्रासू गावच्या कारागिरांना देऊ, आणि घरच्या घरी काही उपाय होत असेल तर तो कसा करता हे आम्ही विचारणार नाही. म्हणजे भावाला चावायला लावा. एवढं पोचे-बिचे म्हणून आलेला माणूस!

पाचही खिडक्या जाणार होत्या. मी दोन दिवस विचार केला. मग घड्याळाला तार लावली, ते बनियनच्या आत छातीशी धरलं आणि आगगाडीनं ल पाँला गेलो.

स्वच्छ ऊन होतं. तळ्यावर वीसेक मजूर होते, घोडे होते, बर्फाच्या लाद्या ओढल्याचा खरखराट होता. फिलेमाँ करवत धरून उभा होता, नाकापर्यंत गळपट्टा. मी त्याच्यासमोर जाऊन टोपी काढली. मजुरांनी काम थांबवलं. आमचं भांडण तिथपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

"फिलेमाँ," मी म्हणालो, ओठ नीट दिसतील असं. एकोणीस वर्षांत मी त्याच्या तोंडाकडे बघून पहिल्यांदा बोलत होतो. "हे ऐकून दे. मला जमत नाही."

त्यानं हातमोजा काढला, घड्याळ तळहातावर घेतलं. मागचं झाकण उघडून उन्हात धरलं आणि तो कितीतरी वेळ आत बघत राहिला.

"कडा सुंदर केल्यास," तो म्हणाला.

जन्मात पहिल्यांदा म्हणाला. आवाज वेगळाच येत होता, बोबडा, फुसफुसता. मला वाटलं थंडीनं. मी म्हणालो, "मग ऐकतोस ना?"

त्यानं गळपट्टा हनुवटीखाली ओढला आणि तोंड उघडलं. आत एकही दात नव्हता. वरखाली नुसत्या गुलाबी हिरड्या, तान्ह्या मुलासारख्या. मागे एक मजूर हसला आणि मग दुसरीकडे बघायला लागला.

"नोव्हेंबरात काढले. वालोर्बला," तो म्हणाला. "तेवीस होते. तीन खेपांत."

"दुखत होते?"

त्याला ओठ वाचता आले. "एकही नाही."

"मग का?"

"तू येशील हे ठाऊक होतं मला."

त्यानं घड्याळ माझ्या हातात ठेवलं, माझी बोटं एकेक करून त्यावर मिटली आणि म्हणाला, "वाजव की. तुला तर कान आहेत."

मी कळ सरकवली. जाड तारेवर अकरा पडले, मग दोन जोड्या, मग बारीक तारेवर चार. अकरा वाजून चौतीस मिनिटं. मोजायला मी चुकलो नाही. तो माझ्या चेहऱ्याकडे बघत, हिरड्या दाखवत, उत्तराची वाट बघत उभा होता. सूर लागलाय की नाही, ते मला सांगता येईना.